उशीवरचा खड्डा

आमच्या घरात चार माणसं राहायची आणि पाचवं यायचं होतं. चौघांसाठी मधली खोली, स्वयंपाकघर आणि छपरी. पाचव्यासाठी समोरची खोली, सागवानी पलंग, पिंजलेल्या कापसाची गादी, मच्छरदाणी आणि घरातला एकमेव कूलर. ही वाटणी माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबूजींनी केली होती, आणि ती त्यांना इतकी न्याय्य वाटायची की तिच्याबद्दल कोणी बोललं तर त्यांना खरोखर आश्चर्य वाटायचं.

पाचवे म्हणजे महाराजजी. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचे भक्त बालाघाटात अजून पुष्कळ आहेत आणि त्यांतल्याच एकाकडून मी गॅसचं सिलिंडर घेते.

बाबूजी वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये धान पारखायचे. गाडी आली की पोत्यात हात खुपसून मूठभर धान काढायचे, त्यातला एक दाणा दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. कट्ट असा आवाज झाला तर धान वाळलेलं, दाणा नुसता चेपला तर ओलं. मशीन आल्यावरही मालक आधी बाबूजींच्या दाढेला विचारायचा आणि मग मशीनला. वर कोरडं आणि खाली ओलं धान भरून आणणारे भलेभले लोक त्यांच्यासमोर खाली मान घालून उभे राहायचे. एका दाण्यावरून पोत्यातली लबाडी ओळखणाऱ्या या माणसाला महाराजजींच्या बाबतीत दाढ वापरावीशी का वाटली नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी अकरा वर्षांची होते, धाकटा भाऊ सात वर्षांचा. मिलमधल्या एका हमालाबरोबर बाबूजी कुठल्याशा शिबिराला गेले. मैदानभर माणसं होती. महाराजजी बोलता बोलता म्हणाले, "अपने घर में मेरे लिए एक कमरा तैयार रखो. मैं कभी भी आ जाऊँगा." हजारो लोकांनी ते ऐकलं आणि त्यांना ती बोलायची रीत वाटली. बाबूजींना तो निरोप वाटला. ते घरी आले, हातपाय न धुताच समोरच्या खोलीत गेले आणि आमची दप्तरं, आईची शिलाई मशीन, माझ्या गोधड्या असं सगळं एकेक करून बाहेर आणून ठेवलं.

"काहून जी?" आईने विचारलं.

"पाहुणे येऊन राह्यले."

"किती दिवसांसाठी?"

बाबूजींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

तेव्हापासून त्या खोलीची एक दिनचर्या सुरू झाली. सकाळी बादलीभर गरम पाणी आत जायचं, अर्ध्या तासाने बाहेर यायचं आणि तुळशीला घातलं जायचं. थंडीत आमची तुळस गरम पाण्याने अंघोळ करायची आणि आम्ही गार. पेपर दुपारपर्यंत त्यांच्या स्टुलावर असायचा, कारण त्यांच्याआधी बातमी वाचणं बरं दिसत नाही. दर गुरुपौर्णिमेला नवी चप्पल यायची आणि जुनी, म्हणजे तीही नवीच, पलंगाखाली सरकायची. धाकट्याच्या बुटाच्या तळव्यात पुठ्ठा घातलेला असायचा आणि पलंगाखाली चपलांची रांग लागलेली. जेवणाचं पहिलं ताट आत जायचं. महाराजजी सावकाश जेवत असावेत, कारण ते ताट बाहेर यायला वेळ लागायचा आणि तोवर कोणी घास उचलायचा नाही. मग ते प्रसाद म्हणून सगळ्यांत वाटलं जायचं. लग्नानंतर सासरी पहिल्या दिवशी सासूबाईंनी माझ्या ताटात तव्यावरची पोळी टाकली, तर मी ती गार व्हायची वाट पाहत बसले होते.

एकदा बाबूजी आईला म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

"त्यायनं काही म्हटलं नाही," आई म्हणाली. "ताट परत आलं तसंच आलं."

बाबूजींना यातलं काही टोचलं नाही. टोचून घेण्याची सवयच त्यांनी सोडली होती.

मिलमध्येही हा नेम पोचला. महाराजजींना दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असा एक नियम निघाला आणि बाबूजींनी तो धानाच्या दाण्यालाही लावला. शर्टाच्या खिशातून ते महाराजजींचा फोटो काढायचे, दाणा त्याच्यासमोर धरायचे, पुटपुटायचे आणि मग दाढेखाली घ्यायचे. हे दर पोत्याला. दिवाळीनंतर धान येण्याचे दिवस, बाहेर खैरलांजीपासूनच्या ट्रॅक्टरांची रांग, हॉर्न वाजताहेत, आणि आत बाबूजी एका दाण्याचा नैवेद्य दाखवताहेत. शेवटी मालक म्हणाला, "बाबूजी, फोटो को ही पूछ लो ना, गीला है कि सूखा." बाबूजींनी यावर गंभीरपणे विचार केला. मग म्हणाले, की महाराजजींना एवढ्या बारीक कामासाठी त्रास देणं योग्य नाही.

पण खरी गोष्ट कूलरची आहे.

मे महिन्यात बालाघाटात दुपारी कावळाही झाडाबाहेर निघत नाही. मधल्या खोलीवर टिनाचं छप्पर होतं आणि मान न फिरवणारा एक टेबल पंखा. समोरच्या खोलीत बाराला कूलर सुरू व्हायचा तो चारपर्यंत, कारण महाराजजी उन्हातून आले तर खोली गार हवी. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटलेलं असायचं. दाराखाली बोटभर फट होती. मी आणि धाकटा त्या फटीला तळपाय लावून फरशीवर पडायचो. ज्याचा पाय मोठा त्याला गारवा जास्त, म्हणून आमची भांडणं व्हायची.

धाकट्याची शाळा सकाळची असायची. बाबूजी मिलमध्ये, आई स्वयंपाकघराच्या दारात पडलेली. एका दुपारी मी डोळे उघडले तर शेजारी धाकटा नव्हता. मी दार थोडं लोटलं. तो पलंगावर आडवा झोपला होता, तोंड उघडं, एक पाय मच्छरदाणीबाहेर. मी दार पुन्हा लोटून घेतलं आणि सगळी फट माझ्या तळपायांना मिळाली, म्हणून गप्प राहिले. उपकार वगैरे काही नव्हते.

तो चारच्या आत उठला, त्याने चादर चारी बाजूंनी ताणली, मच्छरदाणी खोचली. उशी मात्र त्याच्या ध्यानात आली नाही.

त्या संध्याकाळी बाबूजी आले, नेहमीप्रमाणे खोलीत नमस्काराला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू. आम्ही तिघंही धावलो. ते उशीकडे बोट दाखवत होते. उशीच्या मधोमध डोक्याएवढा खड्डा होता.

"येऊन गेले," बाबूजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हाही नाही. ते वाकले, उशीचा वास घेतला. "खोबऱ्याच्या तेलाचा वास येऊन राह्यला. महाराजजी खोबऱ्याचंच तेल लावतात."

आईने उशीकडे पाहिलं. मग धाकट्याच्या डोक्याकडे पाहिलं. "हौ," ती म्हणाली, "आपल्याच बाटलीतलं लावून गेलेले दिसतात." आणि पोळ्या लाटायला निघून गेली.

आता विचाराल, तेव्हाच खरं का नाही सांगितलं. आधी मार चुकवायचा म्हणून, आणि नंतर वेगळ्या कारणासाठी. त्या संध्याकाळी बाबूजी आमच्यात बसून जेवले. धाकट्याला त्यांनी शाळेतलं विचारलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याआधीच्या तीन वर्षांत त्यांनी त्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. धाकटा त्या हाताखाली न हलता बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून खोलीत गेला.

बघता बघता खड्डा प्रसिद्ध झाला. दर गुरुवारी भजनाला येणारे लोक आधी खड्डा पाहायचे. बायका दारातूनच हात जोडायच्या. एकाने खड्ड्याचा आकार हृदयासारखा असल्याचं शोधून काढलं. धाकट्याचं डोकं मागून जरा चपटं आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. बाबूजींना पहिल्या ओळीत जागा मिळू लागली. मिलमध्ये ज्यांच्या बोलण्याला मान होता ते बाबूजी आता गावातही मोठे झाले, आणि दाढेपेक्षा उशीने त्यांना जास्त नाव दिलं.

धाकट्याच्या मात्र मागे नोकरी लागली. एखाद्या दिवशी खड्डा नसला की बाबूजी जेवायचे नाहीत. "माह्यं काय चुकलं?" एवढंच म्हणत छपरीत बसायचे. मग आई धाकट्याकडे पाहायची. पाऊस असो, थंडी असो, त्याला जाऊन पडावंच लागायचं. शाळेच्या मैदानावर क्रिकेटची फायनल होती, आणि हा शेवटची ओव्हर टाकायची सोडून खड्डा पाडायला घरी पळत आला. त्याचे मित्र म्हणायचे, याला दुपारची झोप फार प्रिय आहे. त्याला झोप येतच नसे. छताकडे पाहत तो अर्धा तास पडून राहायचा आणि उठायचा. असं चार वर्षं चाललं.

आणि मग महाराजजी खरोखर बालाघाटला आले.

बाबूजींनी खोलीला चुना दिला, उशीला नवा अभ्रा शिवून घेतला. भल्या पहाटेपासून ते हार घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते. दहाच्या सुमारास गाड्यांचा ताफा आला, आमच्या गल्लीसमोरून पुढे गेला आणि एका ठेकेदाराच्या बंगल्यात शिरला. तिथे एसी होता. बाबूजी हार घेऊन घरी आले, तो पलंगाला घातला आणि म्हणाले, "परीक्षा घेऊन राह्यले." महाराजजींच्या प्रत्येक गैरसोयीच्या वागण्याचं त्यांच्याकडे हे एकच उत्तर असायचं आणि ते कधी चुकायचं नाही.

संध्याकाळी मैदानावर प्रवचन. आम्ही सगळे होतो. कोणीतरी चिठ्ठी दिली असावी, कारण महाराजजी मध्येच थांबले आणि बाबूजींचं नाव घेऊन त्यांना वर बोलावलं. म्हणाले, "लोग पूछते हैं, महाराज, आप आते क्यों नहीं. अरे, इनसे पूछो. इनके घर तो मैं रोज दोपहर को सोता हूँ." टाळ्या पडल्या. बाबूजी त्यांच्या पायांवर पडले ते उठेचनात, दोन सेवेकऱ्यांनी त्यांना उचललं.

माझ्या शेजारी धाकटा बसला होता. चौदा संपून पंधरावं लागलेलं, ओठावर लव. तो हळूच म्हणाला, "ताई, हा तं खोटं बोलून राह्यला." त्याच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं त्यालाही आतून वाटत असावं, की आपण लबाडी करतो आहोत आणि वर कोणीतरी खरं आहे. त्या संध्याकाळी त्याला कळलं की वर कोणी नाही, खाली आपणच आहोत.

घरी येताच तो बाबूजींसमोर उभा राहिला.

"बाबूजी, उशीवर मी झोपत होतो. पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं आता मार बसणार. माझी तर तशी इच्छाच होती, कारण मारायचं म्हणजे आधी मानावं लागतं. बाबूजी हसले.

"महाराजजी खुद सांगून राह्यले, आन तू म्हणतं मी?"

"ताईले विचारा. आईले विचारा."

आई म्हणाली, "हौ. तोच होता." मीही मान हलवली. बाबूजींनी आम्हा तिघांकडे करुणेने पाहिलं आणि ते हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मिलला सुटी होती. दुपारी धाकट्याने बाबूजींचा हात धरून त्यांना खोलीत नेलं, स्वतः पलंगावर पडला, डोकं टेकवलं, उठला आणि बाजूला झाला. "पाहा," तो म्हणाला. तोच खड्डा, मागून जरा चपटा. बाबूजींनी खड्डा पाहिला. धाकट्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून मागून पाहिलं. मी दारात उभी होते. आता ते म्हणतील, अरे, हा तर तू.

बाबूजी खाली बसले आणि त्यांनी आपल्या पोराच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुह्यं रूप घेऊन येत होते," ते म्हणाले. "माह्या घरात, माह्याच पोराचं रूप. मले समजलंच नाही."

पुढच्या गुरुवारी भजनाला आलेल्या बायकांनी धाकट्याला रस्त्यातच गाठलं. एकीने त्याच्या पायांवर नारळ ठेवला. दुसरीने आपलं आजारी मूल त्याच्या कुशीत दिलं आणि "हाथ फेर दो" म्हणून विनवू लागली. दहावीचं वर्ष, गणित कच्चं, चेहऱ्यावर मुरूम, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला वाकून नमस्कार करताहेत. बाबूजी तेव्हापासून त्याला अहो-जाहो करू लागले. ताट आधी त्याच्या पुढ्यात यायचं. पाठीवर हात पुन्हा कधी फिरला नाही, कारण देवाच्या पाठीवरून कोण हात फिरवतो. तो रागावला, ओरडला, एकदा त्याने ताट भिरकावलं. बाबूजींनी सांडलेला भात वेचून प्रसाद म्हणून खाल्ला. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं.

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तो घरी न येता बस स्टँडवर गेला. मी डबा घेऊन तिथे पोचले. तो म्हणाला, "ताई, मले फक्त एवढंच पाहिजे होतं, का बाबूजीनं म्हणावं, तू झोपला होता." गोंदियाची बस लागली होती. राजेगाव ओलांडलं की महाराष्ट्र, आणि तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. पुण्यात कुठल्याशा गोदामात त्याला काम मिळाल्याचं काही महिन्यांनी कळलं. बाबूजींनी गुरुवारी जाहीर केलं, की महाराजजींनी ते रूप सोडलं.

खोली मात्र तशीच राहिली. खड्डा पुन्हा पडला नाही. लोक येईनासे झाले, ठेकेदाराकडे आता गुरुवार भरू लागला. आई गेली तेव्हा धाकटा तीन दिवस आला, छपरीत बसून राहिला आणि छपरीतच झोपला. बाबूजींनी त्याला पाणी दिलं.

मी वारासिवनीला शिकवते. दर रविवारी बाबूजींकडे जाते. गेल्या मे महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी धाकट्याला फोन केला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला, केस विरळ झालेला, पोट सुटलेला, चाळिशीकडे झुकलेला. दवाखान्यात धावपळ केली, औषधं लिहून भिंतीला लावली. पट्टी निघाल्यावर दोन दिवस बाबूजी घरातली एकेक वस्तू ओळखत हिंडले. कूलरचा रंग निळा आहे, हे त्यांना नव्याने कळलं.

तिसऱ्या दिवशी धाकट्याला संध्याकाळची गाडी होती. जेवणं झाली. ऊन मी म्हणत होतं. छपरीत तो पुस्तकाने वारा घेत होता. बाबूजी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"खोलीत पड जाऊन. कूलर लावला."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. अहो-जाहो संपलं होतं, हे त्याच्याही ध्यानात आलं. तो उठला, आत गेला, दार लोटून घेतलं. बाबूजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, पाहऱ्याला बसल्यासारखे. आत कूलरचा आवाज येत होता. काही वेळाने घोरणंही ऐकू आलं. बाबूजी माझ्याकडे पाहून हसले. त्यांचं तसं हसू मी त्या पहिल्या खड्ड्याच्या संध्याकाळनंतर पाहिलं नव्हतं.

साडेचारला धाकटा उठला. चहा घेतला, बॅग उचलली, वाकून बाबूजींच्या पाया पडला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली तसे बाबूजी लगबगीने खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

चादर चुरगळलेली होती. धाकट्याने ती ताणली नव्हती, आता कोणापासून लपवायचं होतं. बाबूजींनी चादरीकडे पाहिलंही नाही. ते उशीवर वाकले होते. अगदी जवळ, ऑपरेशन झालेला डोळा उशीपाशी नेऊन.

उशी सपाट होती.

"तो झोपला होता ना?" त्यांनी विचारलं.

"हौ, बाबूजी. तुमीच ऐकलं ना घोरणं."

"मंग खड्डा काहून नाही?"

सांगावं की नाही, असं मला क्षणभर वाटलं. मग सांगितलं. "तो उशी घेत नाही, बाबूजी. घरून गेला तेव्हापासून. कुठंच घेत नाही."

बाबूजींनी उशीवर तळवा ठेवला, हलकेच दाबला, उचलला. कापूस हळूहळू वर आला. त्यांनी पुन्हा दाबला.

"लेकरानं उशीच सोडली. तोच झोपत होता," ते म्हणाले.

मग ते त्या पलंगावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गादी जुनी झाली होती, त्यांच्या वजनाने खोल गेली. मी कूलर बंद करायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला आणि दार लोटून बाहेर आले.